काचा वर, हॉर्न चालू

परळला राहणाऱ्या माणसाला शांतता क्षेत्राची व्याख्या पाठ असते, कारण तो बारा महिने त्यातच राहतो. केईएम, टाटा, वाडिया ही सगळी रुग्णालयं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा शंभर मीटरचा पट्टा शांततेचा, असं २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा. नकाशावर हे पट्टे काढायला बसलं तर आमच्याकडे ते एकमेकांवर चढतात. आणि प्रत्यक्षात आचार्य दोंदे मार्गावर सकाळी दहा वाजता शेजारच्याला वेळ विचारायची तर ओरडावं लागतं.

आमच्या चाळीत या विषयावर दोन पक्ष आहेत. पहिल्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूच्या कोपऱ्यातल्या खोलीत सिस्टर राहतात. इथल्याच एका रुग्णालयातून निवृत्त झालेल्या. त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही, लहानथोर सगळे सिस्टरच म्हणतात. तळमजल्यावर बाळा. आधी वडिलांची काळीपिवळी चालवायचा, आता ॲपवरची वॅगनआर चालवतो. गाव सावंतवाडीकडे. एरवी दोघांचं उत्तम आहे, सिस्टरांच्या गुडघ्याच्या गोळ्या बाळाच आणून देतो. हॉर्नचा विषय निघाला की मात्र वाजतं. एका रविवारी सिस्टरांच्या गॅलरीत चहा घेताना ते वाजलं. मी ऐकत बसलो आणि राहवलं नाही तिथे मध्ये तोंड घातलं.

सिस्टर : काल रात्री साडेबाराला समोरच्या टॉवरच्या गेटवर हॉर्न वाजवणारा तूच ना? तीनदा.

बाळा : दोनदा. वॉचमन खुर्चीत झोपलेला. पॅसेंजर मागे बॅगा घेऊन बसलाय. मी काय करायचं?

सिस्टर : उतरायचं आणि हाक मारायची.

बाळा : हाक तुम्हाला ऐकू आली नसती?

सिस्टर : आली असती. कूस बदलून परत झोपले असते. हॉर्न ऐकला की मी उठून बसते, छाती धडधडते, मग दीड तास पंखा बघत पडायचं. तुला ठाऊक आहे ना, रात्री दहा ते सकाळी सहा वस्तीत हॉर्न वाजवायचाच नाही? सुप्रीम कोर्टाने २००५ साली सांगितलंय. नंतर नियमांतही घातलं. आणीबाणी असेल तरच वाजवायचा.

बाळा : वॉचमनने जागं राहायचं, हे कुठल्या कोर्टाने सांगितलंय?

सिस्टर : त्याच्या झोपेची शिक्षा मला का?

बाळा : बरं, रात्रीचं सोडा. रात्रीचं तुमचं खरं. दिवसाचं बोला. सकाळी दहाला तुमच्या त्या हॉस्पिटलच्या गेटसमोरून एकदा गाडी काढून दाखवा, बिनहॉर्नची. फुटपाथवर शहाळेवाला, त्याच्या पलीकडे बादल्या, मग, चटया विकणारा, त्याच्या पलीकडे पेशंटचे नातेवाईक पथारी टाकून. चालणारा माणूस जाणार कुठे? रस्त्यावर. त्याच्या हातात एक्स-रेचं ते मोठं पाकीट, कानाला फोन, आणि नजर वर, बिल्डिंगवर. ओपीडी कुठली, गेट नंबर कितवा, ते शोधत असतो. बुलढाण्याहून, नांदेडहून पहिल्यांदाच आलेला असतो बिचारा. गाडी मागे आहे हे त्याच्या गावीही नसतं. मी त्याला हात लावून बाजूला करू? टिचकीभर हॉर्न मारतो. तो सरकतो.

सिस्टर : टिचकीभर हॉर्नला माझं काही म्हणणं नाही.

बाळा : आणि नाही मारला, आणि लागलं त्याला? पोलीस आल्याबरोबर पहिला प्रश्न काय विचारतो? "हॉर्न मारला होतास का?" ब्रेक मारला होतास का, हे नंतर. गर्दी जमते ती पण हेच ओरडते. मग मी हॉर्न मारू की नको?

सिस्टर यावर काही क्षण गप्प राहिल्या. बाळाचा हा मुद्दा मला बिनतोड वाटतो. आपल्याकडे हॉर्न हा चालकाचा साक्षीदार झाला आहे. वाजवला की जबाबदारी समोरच्यावर गेली. बाळाच्या स्टिअरिंगवर मधल्या गोलातला काळा प्लास्टिकचा भाग डाव्या अंगठ्याखाली घासून गुळगुळीत, चकचकीत झाला आहे. बाकी सगळं स्टिअरिंग अजून खरखरीत आहे.

सिस्टर : टिचकीवर थांबतं कुठे पण? तू टिचकी मारतोस. तुझ्या मागच्याला पुढे काय चाललंय ते दिसत नाही, त्याला फक्त तू थांबलेला दिसतोस, म्हणून तो तुला मारतो. त्याच्या मागचा मोटारसायकलवाला तर अंगठा उचलतच नाही. आमच्या वॉर्डात असायचं तसं. एक बाळ रडायला लागलं की ओळीने सगळी.

बाळा : हां, पण बाळांना कोणी दंड करत नाही.

सिस्टर : तुम्हाला तरी कोण करतं? कायद्यात आहे. विनाकारण हॉर्न वाजवला की पहिल्यांदा हजार, पुन्हा सापडलात की दोन हजार. आजवर तुला किती पावत्या आल्या?

बाळा : हॉर्नची? एकही नाही. सीटबेल्टची आली, झेब्रावर टायर गेला त्याची आली, फोर्टात गाडी उभी केली त्याची तर दोनदा आली.

यामागे यंत्रणेची एक साधी अडचण आहे, ती मी मध्येच सांगून टाकली. सिग्नल तोडणारी गाडी कॅमेऱ्यात दिसते, नंबरप्लेट दिसते, घरी चलन येतं. हॉर्न फोटोत येत नाही. चाळीस गाड्यांतून नेमका कुणी वाजवला, हे शेजारी उभ्या हवालदारालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. पॅरिसमध्ये २०२२ साली रस्त्यावर आवाजाचे रडार बसवून पाहिले, अनेक मायक्रोफोन आणि कॅमेरा एकत्र जोडलेले, आवाज नेमका कुठल्या गाडीचा ते शोधणारे. तेही एकट्यादुकट्या मोठ्या आवाजाच्या गाडीसाठी. संध्याकाळच्या आमच्या हिंदमाता चौकापुढे ते रडार काय करेल, देव जाणे.

बाळा : हिंदमाताला आपल्या पोलिसांनी लावलं होतं ना काहीतरी. सिग्नलला मीटर.

सिस्टर : तेच म्हणणार होते मी! फार छान होतं ते.

ही गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. मुंबई वाहतूक पोलिसांनी काही सिग्नलना डेसिबल मापक जोडले; सीएसएमटी, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, वांद्रे आणि आमचं हिंदमाता. लाल दिव्यावर थांबलेल्या गाड्यांचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की उलटी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. वाजवा हॉर्न, थांबा आणखी. जानेवारी २०२०च्या अखेरीस पोलिसांनी त्याचा व्हिडिओ काढला आणि तो जगभर फिरला.

बाळा : छान कसलं? मी सगळ्यात पुढे, गप्प बसलेला. मागे कोणीतरी दहावा-बारावा हॉर्न मारतोय. शिक्षा कोणाला? मला पण. शाळेत एकाने शीळ घातली की सर सगळ्या वर्गाला उभं करायचे, तसलं झालं हे.

सिस्टर : मग मागच्याला खाली उतरून सांगायचं, बाबा गप्प बस. त्यासाठीच होतं ते.

बाळा : मुंबईत? उतरून? सिस्टर, तुम्ही टीव्ही बघत नाही का? हॉर्नवरून माणसं एकमेकांच्या अंगावर जातात. (चहाचा घोट घेऊन) आणि एक सांगू? लाल दिव्यावर हॉर्न मारणारा वेडा असतो. त्याचं मी समर्थन करणार नाही. दिवा काय हॉर्नला घाबरून हिरवा होणार आहे? पण मागे बसलेला पॅसेंजर काच ठोकतो, "भैया, हॉर्न मारो ना." मराठी असला तरी भैयाच म्हणतो. नाही मारला की त्याला वाटतं ड्रायव्हर मठ्ठ आहे. उतरल्यावर तीन स्टार देतो. पाच सेकंद हॉर्न मारला की त्याला बरं वाटतं, आपण काहीतरी करतोय असं.

सिस्टर : म्हणजे तू त्याच्या समाधानासाठी वाजवतोस आणि ऐकतो आम्ही.

इथे गाडीच्या हॉर्नबद्दल एक गोष्ट मी सांगितली, जी दोघांनाही माहीत नव्हती. हॉर्न किती मोठा असावा याचे निकष आहेत, आणि त्यांत खालचीही मर्यादा आहे. मोटारीसमोर सात मीटरवर उभं राहून मोजलं तर तो ९३ डेसिबलपेक्षा कमी भरता कामा नये. वरची सीमा ११२. म्हणजे कारखान्यातून अगदी सोज्वळ, नियमात बसणारी गाडी बाहेर पडते तीच ९३ घेऊन. रुग्णालयाजवळ दिवसाची मर्यादा ५०. दोन्ही आकडे सरकारी. डेसिबलचं गणित साध्या बेरजेचं नसतं, दर दहा डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. ५० आणि ९३ मधलं अंतर त्या हिशेबाने जवळजवळ वीस हजार पटींचं. (एक आकडा काही तासांच्या सरासरीचा आणि दुसरा क्षणाचा आहे, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही, पण जवळून गेलेल्या हॉर्नला सरासरीचं सांत्वन उपयोगी पडत नाही.) उघड्या माळावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. आमची गल्ली माळ नाही. एका बाजूला चाळ, दुसऱ्या बाजूला टॉवरची सहा मजली पार्किंगची भिंत. आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत वर चढतो.

बाळा : म्हणजे बटण दाबलं की त्र्याण्णव. हळू वाजवायची सोयच नाही.

सिस्टर : नाहीच ना!

बाळा : मग मला कशाला बोलता? गाडी बनवणाऱ्याला बोला. त्याने हॉर्न हायवेच्या हिशेबाने दिलाय. आंबोली घाटात पावसाचं धुकं उतरलं की दहा फुटांवरचं दिसत नाही, वळणावर हॉर्न मारलाच पाहिजे. तिथे पाटीच असते. तिथे मला त्र्याण्णव काय, एकशे दहा पण चालेल. तोच हॉर्न मी परळच्या गल्लीत कुत्र्याला हुसकायला मारतो. दोन बटणं द्या ना. एक घाटाचं, एक गल्लीचं.

हे बाळा सहज बोलून गेला. मला मात्र त्या संपूर्ण संध्याकाळी ऐकलेलं हे सगळ्यात शहाणपणाचं वाक्य वाटलं. सिस्टरांनाही पटलं असावं, पण त्यांनी कबूल केलं नाही.

सिस्टर : वाहतूकमंत्री गडकरी म्हणाले होते की, हॉर्नला बासरीचा, तबल्याचा आवाज देणार. नाशिकला बोलले होते, चार वर्षं तरी झाली.

बाळा : देऊ देत. हिंदमाताला संध्याकाळी सात वाजता दोनशे तबले एकदम. बसा ऐकत गॅलरीत.

हसणं ओसरल्यावर सिस्टरांनी विषय दुसरीकडे नेला, आणि त्यानंतरचं बोलणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

सिस्टर : पूर्वी इतका आवाज नव्हता. म्हणशील, म्हातारीचं नेहमीचं रडगाणं. गाड्या वाढल्या, कबूल. एल्फिन्स्टनचा पूल पाडायला घेतला तेव्हापासून तर सगळं जग टिळक पुलावर आणि करी रोडला आलंय. पण तुझे वडील टॅक्सी चालवायचे तेव्हाही हा रस्ता तुंबायचाच. तेव्हा ते इतका हॉर्न वाजवायचे का?

बाळा : (थोडं थांबून) बाबा हात दाखवायचे.

सिस्टर : हं.

बाळा : पद्मिनी होती ना. काचा खालीच. उजवा हात कायम बाहेर. वळायचं असलं तरी हात, मागच्याला थांबवायचं असलं तरी हात, जा म्हणायचं तरी हात. आणि तोंड. "ओ भाऊ, बाजूला!" "ए छोकऱ्या, मरायचंय का?" शिव्या पण द्यायचे, खोटं कशाला बोलू. मी शिकलो तो तसाच. आता एसी. पॅसेंजर बसल्या बसल्या पहिलं सांगतो, काच वर करा. काच वर केली की हात गेला, तोंड गेलं. उरलं काय? हॉर्न.

सिस्टर : आणि काच वर केल्यावर तुला स्वतःचा हॉर्न ऐकू येतो तो कसा?

बाळा : येतो की. पण असा... लांबून. गादीखालून वाजल्यासारखा.

सिस्टर : आणि तू ज्याला मारतोस, पुढच्या गाडीतल्याला?

बाळा : त्याची पण काच वर. त्याचं गाणं चालू. त्याला ऐकू जावं म्हणून तर दाबून धरावा लागतो.

सिस्टर : म्हणजे ज्याने वाजवला त्याला अर्धा ऐकू येतो, ज्याच्यासाठी वाजवला त्यालाही अर्धाच. पूर्ण कोण ऐकतं? मी ऐकते. तो शहाळेवाला ऐकतो. फुटपाथवर पथारी टाकून झोपलेली ती बाई ऐकते, जिच्या नवऱ्याची केमो उद्या आहे. हवालदार ऐकतो, दिवसभर, कानात बोटं न घालता. ज्यांच्याकडे गाडी नाही ते सगळे.

बाळाकडे याला उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. हॉर्नच्या भांडणात आपण नेहमी शिस्त, संस्कार, सिव्हिक सेन्स काढतो, जणू एका पिढीची माणसं आधीच्या पिढीपेक्षा उद्धट निपजली. मला वाटतं, बंद काचेचा वाटा यात कितीतरी मोठा आहे. गाडीतला माणूस आपण केलेल्या आवाजातून स्वतः सुटला. स्वतःच्या धुराने ज्याचे डोळे चुरचुरत नाहीत तो चूल कशाला फुंकून पेटवेल?

बाळा : तुम्ही ते काठमांडूचं सांगता ना नेहमी, आज कसं नाही सांगितलं?

सिस्टर : सांगते की. २०१७च्या त्यांच्या नववर्षापासून हॉर्न बंद केला. पशुपतिनाथाला गेले होते तेव्हा स्वतः पाहिलंय. मोटारसायकलींची ही गर्दी, रस्ते आपल्याहून अरुंद, आणि हॉर्न क्वचित. आपल्याच देशात ऐझॉलला म्हणे गाड्या रांगेत उभ्या राहतात, ओव्हरटेक करत नाहीत, हॉर्न नाही. तिथली माणसं काय आकाशातून पडली?

बाळा : सगळ्यांनी एकदम बंद केला की जमतं. मी एकट्याने बंद केला तर मी फक्त मागे राहतो. टॅक्सीवाल्याचा ब्रेक फुकट नसतो, सिस्टर. ब्रेक मारला, गाडी पहिल्यात आणली, परत उचलली की गॅस जातो. दिवसभरात दोनशे वेळा करा. हॉर्न फुकट आहे.

सिस्टर : तुला फुकट. बिल पहिल्या मजल्यावर येतं.

बाळा : मग तुम्ही पण ऐका. नो हाँकिंग डे केला ना पोलिसांनी मध्ये, २०२३ ला, ऑगस्टमध्ये. मी खरंच नाही मारला त्या दिवशी. ठरवून. जमलं. जास्त काही उशीर नाही झाला. पण काय झालं सांगू? दुपारपर्यंत पाय दुखायला लागला. क्लच, ब्रेक, क्लच, ब्रेक. आणि एक इलेक्ट्रिक बस बाजूला येऊन उभी राहिली ती मला कळलीच नाही. आवाजच नाही तिला. तेव्हा वाटलं, आपण बाकीच्यांच्या आवाजावर गाडी चालवतो, आरशावर नाही.

सिस्टर : आरसे उघडे तरी असतात का तुमचे? निम्म्या टॅक्सींचा डावा आरसा मिटलेला.

बाळा : उघडला की मोटारसायकलवाला उडवतो. बाराशे रुपये.

ट्रकांच्या मागे लिहिलेलं 'हॉर्न ओके प्लीज' महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये बेकायदा ठरवलं, कारण ते हॉर्न वाजवायला उत्तेजन देतं. हे मी सांगितल्यावर बाळाने कालच पूर्व द्रुतगती मार्गावर पाहिलेल्या ट्रकांचं वर्णन सुरू केलं, आणि पिवळ्या अक्षरांखालच्या कमळांपर्यंत पोचला. सिस्टरांनी त्याला थांबवलं. त्यांना आता तोडगा हवा होता.

सिस्टर : बाकी जगाचं राहू दे. आपल्या गल्लीपुरतं बोल. रात्री दहानंतर वॉचमनला हॉर्न नाही.

बाळा : कबूल. दिव्याने उठवतो, अप्पर-डिपर.

सिस्टर : लाल दिव्यावर नाही.

बाळा : तो मी तसाही मारत नाही. पॅसेंजरला सांगेन, एका सिस्टरांनी शपथ घातलीय. तीन स्टार तर तीन स्टार.

सिस्टर : आणि आमच्या इथे येऊन, खालून मला बोलवायला नाही. परवा दवाखान्यात न्यायला आलास तेव्हा पाच वेळा वाजवलास. अख्खी चाळ गॅलरीत आली.

बाळा : तुम्ही खाली यायला पंधरा मिनिटं लावता, त्याचं काय?

सिस्टर : गुडघे आहेत ते, लिफ्ट नाही. फोन कर ना.

बाळा : गाडी चालवताना फोन धरला की त्याचा पण दंड आहे.

सिस्टर : चालवताना कोण सांगतंय? खाली येऊन गाडी उभी कर, मग फोन कर.

बाळा : उभी कुठे करू, सिस्टर? जागा दाखवा.

सिस्टर गॅलरीच्या कठड्यावरून खाली वाकल्या. दोन्ही बाजूंनी मोटारसायकली, मध्ये महानगरपालिकेने खणून ठेवलेला चर, त्याच्या पुढे टॉवरच्या पाहुण्यांच्या तीन मोटारी.

"मग मी येते चालत नाक्यापर्यंत," त्या म्हणाल्या. "पण नाक्यावरसुद्धा वाजवायचा नाही."